कॅसेटच्या पाठीचे दोन दात

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक दात असतात. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी पडून असेल त्यांनी काढून बघावी. डाळीच्या दाण्याएवढे, प्लास्टिकचे. एक या बाजूसाठी, एक त्या बाजूसाठी. दात शाबूत असले की त्या कॅसेटवर जुनं पुसून नवं काहीही भरता येतं. मोडले की टेपरेकॉर्डरचं भरायचं बटण खाली जातच नाही, आत जे आहे ते कायम राहतं. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटी दात मोडूनच बाजारात येत. आमच्या मात्र दातांसकट जात, आणि ही अक्कल माझी. बरीच वर्षं मी ती छाती फुगवून सांगत असे. संपादकांनी 'तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा' म्हटलं तेव्हा मी टाळणारच होतो, पण त्या दातांचं एकदा कुठेतरी सांगून टाकावं असं फार दिवस मनात होतं.

आमचा कारखाना म्हणजे लकडगंजातल्या एका आरा मशीनच्या मागची खोली. पुढे सागाचे ओंडके चिरले जात, मागे आम्ही 'पळसबन कॅसेट्स' काढत असू. दोन्हींचे मालक एकच, नत्थूभाऊ. गडी लाकडाचा व्यापारी, पण तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचलेला. मी तेव्हा रेडिओ दुरुस्त करत असे. त्यांचा रेडिओ द्यायला गेलो तर मलाच ठेवून घेतलं. म्हणाले, "सिनेमाचं गाणं कोणीबी विकते गा. आपल्या झाडीचं गाणं कोण विकन?" झाडी म्हणजे पूर्व विदर्भातला आमचा धानाचा मुलूख, आणि असा प्रश्न विचारणारा मालक मला पुढे कुठे भेटला नाही.

कॅसेट कशी होते ते थोडक्यात सांगतो. कोरी पट्टी यायची तव्याएवढ्या काळ्या चकत्यांमध्ये, आणि रिकामी घरं वेगळी यायची. हाताच्या यंत्राने मोजून पट्टी घरात गुंडाळायची. मूळ गाणं मोठ्या स्पूलवर असायचं. स्पूलचं यंत्र गायचं आणि खालच्या फळीवरची दहा यंत्रं एकदम ऐकून भरून घ्यायची. मग दहातली एक वाजवून बघायची, शेजारच्या दोन बाया खळ लावून लेबलं चिकटवायच्या, आणि मी खोके बांधून एसटीच्या पार्सलात टाकून यायचो. ध्वनिमुद्रक मी, कारागीर मी, हमालही मीच. नत्थूभाऊ पाहुण्यांना माझी ओळख 'आमचे इंजिनियर' अशी करून देत आणि मी ती दुरुस्त करत नसे.

गाणं भरायचं ते फक्त दुपारी एक ते दोन. कारण उघड आहे, त्या तासात आरा बंद असायचा. मजूर डबे उघडत आणि आम्ही दार लावून घेत असू. भिंतींना गोणपाट आणि जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, आणि बाहेर नागपूरचा मे महिना. गाणारे खेड्यांतून पहिल्या एसटीने येत आणि दुपारच्या एसटीने परत जात. त्यामुळे पुन्हा गा, असं म्हणायची सोय नव्हती. चुकलं तर चुकलेलंच बाजारात जायचं. आमच्या एका भजनात बुवा मध्येच 'पाणी दे' म्हणतात. लोकांना तो भजनाचाच भाग वाटला आणि काही गावांत म्हणे तसंच गाऊ लागले.

चुका बऱ्याच केल्या. एका उन्हाळ्यात एसटीच्या टपावर कॅसेटी तापून वाकल्या. दुकानदाराचं पत्र आलं की तुमची बाई बाप्यासारखी गाते आणि तीही रडत. नत्थूभाऊंनी तोड काढली, आपल्याकडे लाकडाचा भुसा फुकट आहे, त्यात कॅसेटी पुरून पाठवू. पाठवल्या. भुसा आत शिरला आणि ढोलकीच्या जागी किर्रकिर्र ऐकू येऊ लागली. सगळे खोके परत आले. मग कुहीकडच्या एका गाणाऱ्या बाईने सांगितलं, "आंबे कशात पाठवता जी? तणसात ना? मंग?" तेव्हापासून आम्ही धानाच्या तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, कॅसेटी पाठवू लागलो आणि एकही वाकली नाही. ती बाई म्हणजे तान्हाबाई. तिचंच सांगायचं आहे.

त्याआधी दातांची अक्कल सांगतो. सुरुवातीला आमचा माल उठत नव्हता. खेड्यातला माणूस कॅसेट हातात घ्यायचा, उलटीपालटी करायचा आणि ठेवून द्यायचा. एकदा बाजारात एक म्हातारा म्हणाला, "गाणं नाही आवडलं त हे डबडं काय कामाचं?" मी तिथल्या तिथे ठरवलं, आपण दात मोडायचे नाहीत. कव्हरवर छापलं: 'ऐका. पसंत नाही पडलं तर आपलं भरा.' कॅसेटी भज्यांसारख्या खपल्या. नत्थूभाऊंनी आऱ्यावरच्या सगळ्या मजुरांना पेढे वाटले आणि मला जवळ ओढून पाठीवर अशी थाप मारली की दोन दिवस दुखत होती.

त्या काळातलं आमचं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे किसनभाऊ. हिंगण्याच्या एका कारखान्याची बस चालवायचे. पाळीच्या मजुरांना नेता-आणताना बसमध्ये टेप लावत. बसचा टेप पट्टी खायचा, म्हणून दर दोन-तीन शनिवारी कॅसेटची आतडी हातात घेऊन ते माझ्याकडे हजर. मी पट्टी सरळ करायचो, तुटली असेल तर जोडायचो, आणि ते आमच्या मालाची चेष्टा करायचे. रागावणार कसं, आमची प्रत्येक नवी कॅसेट पहिल्यांदा तेच घेत.

तान्हाबाई आली ती पाच बाया घेऊन, रोवणीची गाणी भरायला. धानाची रोपं चिखलात लावतात ती रोवणी. बाया बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, ओळीने वाकून लावत जातात आणि गातात. एक जण ओढते, बाकीच्या उचलतात. ओढणारी ही. उंच, सावळी, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की गादीमागची भिंत हलावी. पण माइकसमोर उभी केली आणि गाणं येईचना. दोन ओळी झाल्या की थांबायची. घड्याळात सव्वा वाजला, दीड वाजत आला. मला घाम फुटला.

"काय झालं बाई?"

"आता तुमाले काय सांगू जी," ती म्हणाली. "उभ्यानं नाही येत. वाकल्याबिगर हे गाणं निंगतच नाही."

मी माइक दांड्यावरून काढला आणि घडी केलेल्या पोत्यावर, जमिनीवर ठेवला. सहाही जणी ओळीने वाकल्या, पदर खोचले, हात खरोखर रोप टोचल्यासारखे हलू लागले, आणि गाणं आलं. गात गात त्या मागे सरकत होत्या, बांधीत सरकतात तशा, आणि मी माइकचं पोतं ओढत त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर रांगत होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी जे काही चांगलं केलं त्यात हे पहिलं. दुसऱ्या बाजूला लग्नाची गाणी भरली. आधी हळदीचं, शेवटी लेकीला वाटे लावतानाचं. ती त्यांनी बसून म्हटली. शेवटचं गाणं म्हणताना एकीने डोळे पुसले, तान्हाबाईने मात्र नाही.

गाणं संपलं तेव्हा दोनला एखादं मिनिट बाकी होतं. मी भारावून बसलो होतो, बटण बंद करायचं राहिलं. तान्हाबाईने खाकरून घसा साफ केला आणि म्हणाली, "झालं का जी? पोरगी वाट पाहून राहिली असन. जाऊ का मंग आमी?" मी म्हटलं, "जा, जा. झालं सगळं." आणि पुढे आरा सुरू झाला. हे सगळं स्पूलवर आलं. ते ब्लेडने कापायचं होतं, पण लगीनसराई तोंडावर होती, नत्थूभाऊ घाई करत होते, माल तसाच गेला. मला त्याची फार लाज वाटायची. किसनभाऊंना तर आयतंच मिळालं. पुढच्या शनिवारी दारातूनच ओरडले, "काहून गा, ती बाई बिचारी जाऊ का म्हणून इचारते अन तुमी 'जा जा' म्हणता? चहा त पाजायचा!"

खरंच, चहा मी पाजला नव्हता. पाचशे वेळा गुडघ्यांवर रांगल्याचं सांगतो, पण चहाचं सुचलं नाही.

कॅसेट उत्तम गेली. पुढे मागणी ओसरली तसा मी स्पूल पुसला. आमच्याकडे तीनच स्पूल होते, आलटून पालटून वापरत असू. एकावरचा माल खपला की तो पुसायचा आणि नवं भरायचं, हीच पद्धत होती. तान्हाबाईच्या स्पूलवर मी एका दंडारीतले विनोद भरले. हाताला काही वाटलं नाही, कारण हजार घरांत कॅसेटी आहेतच असं मी धरून चाललो होतो.

सहा-सात वर्षं गेली असतील. एका सकाळी आरा धडधडत असताना एक मुलगी दारात उभी राहिली. उंच, सावळी. मी ओळखायला हवं होतं. गोंदण नव्हतं म्हणून असेल, ओळखलं नाही. तिला ओरडून बोलावं लागलं.

"काकाजी, मी सुलोचना. तान्हाबाईची पोरगी."

मी तिला आत घेतलं, दार लावलं. तान्हाबाई कशी आहे विचारलं. ती म्हणाली, आईला जाऊन पाच वर्षं झाली, काविळीत गेली. दोन आठवड्यांनी सुलोचनाचं लग्न होतं. हळदीला आईचं हळदीचं गाणं मांडवात वाजावं, एवढंच तिला हवं होतं.

"पण तुमच्या घरी एक कॅसेट दिली होती ना आम्ही?" मी विचारलं.

तिने सांगितलं. आठवीत असताना मैत्रिणीकडून सिनेमाची गाणी आणली, कोरी कॅसेट नव्हती. आईलाच विचारलं होतं. "आई म्हणे, भर वं. माह्यं गाणं काय, मी त केव्हाबी म्हणून दाखवीन." मग दोन्ही बाजू भरल्या. पुढच्याच वर्षी आई गेली. "दोन्ही बाजू, काकाजी. थोडीबी नाही ठेवली मी."

मी तिला स्पूलचं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, "गावोगावी आपल्या कॅसेटी आहेत पोरी. आठ दिवसांत आणतो." ती हसली, नमस्कार करून गेली. तोंडातून निघून गेलं खरं, पण मी मनातून हादरलो होतो. कव्हरवरची ती ओळ मला पहिल्यांदाच वेगळी दिसली. पसंत नाही पडलं तर आपलं भरा.

सगळ्या दुकानदारांना पत्रं टाकली. शिवाय नत्थूभाऊंकडून रजा घेऊन स्वतः फिरलो. कुहीच्या बाजारात बसलो, आजूबाजूच्या गावांत घरोघर गेलो. कॅसेटी मिळाल्या, हे विशेष. आमचं लेबल, धानाचं चित्र, तान्हाबाईचं नाव. लावली की कुठे रेडिओवरचा खतांचा कार्यक्रम, कुठे कोणाच्या लग्नाचा बँड, कुठे नुसतंच कुत्र्याचं भुंकणं आणि एक माणूस 'चालू झालं का रे' विचारतोय. लोक कौतुकाने ऐकवत. एकाने तर माझे हात धरले. कॅसेट लावली, त्यात एक म्हातारा बैलांची नावं घेत होता. "माहा बाप हाये," तो म्हणाला. "दोन साल झाले गेला. तुमी दात ठेवले म्हणून आज त्याची बोली घरात हाये, भाऊ." त्याने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी जेवलो. त्याच्या बापाच्या आवाजाखाली तान्हाबाई पुसली गेली होती, हे त्याला सांगून काय करणार होतो.

दहा दिवस झाले. हातात काही नाही. शनिवारी खोलीत बसून होतो तर किसनभाऊ आले, नेहमीसारखी आतडी हातात. कॅसेटचं लेबल कधीचं झिजून गेलेलं. पुढच्या बाजूला कव्वाली होती. कितीतरी वेळा मी ही कॅसेट जोडली असेल, पुढची बाजू मिनिटभर वाजवून परत दिली असेल. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं.

"अरे, मंग हे तुमच्याच हातात त हाये," ते म्हणाले. "ही काय दुसऱ्याची आहे का? तुमचीच रोवणीवाली आहे ही."

"यावर तर कव्वाली आहे."

"हे बाजू कव्वाली. ते बाजू नातीचं बारसं भरलं ना मी. पण बारसं काय अर्धा घंटा चालते? बारसं संपते, थोडं चूप होते, अन मंग तुमची ती बाई इचारते, जाऊ का म्हणून. घरी सगळे हसतात."

एकला आरा थांबला तशी मी ती बाजू लावली. पाळण्याची गाणी, बायांचा गलका, पेढ्यांवरून भांडण. किसनभाऊ शेजारी उकिडवे बसले होते. शेवटी खट्ट आवाज झाला, आणि मधूनच, एका ओळीच्या अर्ध्यातून, तान्हाबाई गाऊ लागली. हळदीचं गाणं गेलं होतं. रोवणीची सगळी गेली होती. लेकीला वाटे लावण्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं उरलं होतं, आणि पुढचं ते, कापायचं राहिलेलं.

सुलोचनाला निरोप पाठवला. ती सोमवारी आली, जरा लवकरच, बाराला. आरा चालू होता, एक वाजेपर्यंत काही ऐकता येणार नव्हतं. त्या तासात मी तिला सगळं सांगितलं. दात न मोडण्याची अक्कल माझी, स्पूल पुसणारा हात माझा, आणि हळदीचं गाणं आता जगात कुठेच नाही. आऱ्याच्या आवाजामुळे हे मला ओरडून सांगावं लागलं. गुन्हा कबूल करायची ही काही रीत नव्हे. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "भरलं त मीबी ना, काकाजी."

एक वाजला. आरा थांबला. मी कॅसेट लावली आणि पाठ करून बसलो.

कडवं संपलं. घसा खाकरल्याचा आवाज आला. "झालं का जी? पोरगी वाट पाहून राहिली असन. जाऊ का मंग आमी?" मग माझा आवाज, तरुण, फुशारकीचा: "जा, जा. झालं सगळं." मग आरा.

मागून ती म्हणाली, "मी एसटीच्या फाट्यावर बसून होती त्या दिवशी. आई फुगा आणते म्हणे." मग म्हणाली, "अजून एक डाव लावा."

त्या तासात किती वेळा लावली ते मोजलं नाही. ती रडली फक्त पहिल्यांदा. नंतर नंतर तर आईबरोबर कडवं म्हणू लागली, हळू, ओठांतल्या ओठांत. तेवढा तुकडा मी नव्या कॅसेटवर भरला. एका बाजूला तो, दुसरी बाजू कोरी. आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्यासमोर दोन्ही दात मोडले. दात मोडताना बारीक टक् आवाज येतो. मोठ्या कंपन्यांत तो दिवसातून हजार वेळा होत असेल. मी माझ्या मालाचा पहिल्यांदा ऐकला.

सुलोचनाने कॅसेट रुमालात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी ठेवली, वर टॉवेल ठेवला. दोन वाजत आले होते. ती उठली, पदर सारखा केला, घसा साफ केला.

"जाऊ का मंग मी?"

तीच लकब, तोच 'मंग', शेवटी तसाच वर गेलेला आवाज. तिला काही कळलं नव्हतं, ती नेहमीसारखीच बोलली होती. माझ्या तोंडात 'जा' आलंच होतं.

"थांब," मी म्हणालो. "चहा सांगतो."

"बस निंगून जाईन, काकाजी."

"पुढची असते. बस."

ती बसली. चहा आला तोवर आरा सुरू झाला होता, त्यामुळे बोलणं काही झालं नाही. तिने बशीत ओतून सावकाश प्यायला, आणि मी दुसरा कप मागवला.